रक्ताला बांध

पावसाळा सरत आला की पुण्याच्या रक्तपेढ्यांना रात्रीही उसंत मिळत नाही. कुंड्यांच्या बशांत, जुन्या टायरांत आणि उघड्या पिंपांत साचलेल्या पाण्यात एडीस जातीचे डास वाढतात व त्यांच्याबरोबर डेंग्यूचा ताप घरोघर शिरतो. मग रुग्णांचे नातेवाईक डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एका पेढीतून दुसऱ्या पेढीत धावू लागतात. त्या चिठ्ठीवर मागणी असते ती प्लेटलेट्सची. मराठीत त्यांना रक्तपट्टिका म्हणतात.

रक्तपट्टिका साठविण्याची तऱ्हा मोठी चमत्कारिक आहे. रक्ताच्या पिशव्या शीतकपाटात स्वस्थ पडून असतात. परंतु रक्तपट्टिकांच्या पिवळसर द्रवाच्या पिशव्या २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानाच्या कपाटात, पाळण्याप्रमाणे अहोरात्र डुलणाऱ्या फळ्यांवर ठेवाव्या लागतात. डुलणे थांबले तर त्यांना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. थंडीत ठेवल्या तर त्यांचा आकार बदलतो आणि असल्या पट्टिका शरीरात गेल्यावर लवकरच रक्तातून काढून टाकल्या जातात. उबेत ठेवाव्या, तर जंतू वाढण्याचे भय! म्हणून सामान्यतः पाचच दिवस त्या वापरता येतात, आणि त्यांतलाही काही वेळ तपासण्यांत खर्ची पडतो. सोमवारी मिळालेल्या पट्टिका पुढच्या सोमवारी निरुपयोगी ठरतात, मग बाहेर त्यांच्यासाठी कोणी कितीही तिष्ठत असो.

एवढी यातायात कशासाठी? निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात सुमारे दीड ते साडेचार लाख रक्तपट्टिका असतात. अस्थिमज्जेतील मोठ्या पेशींचे तुकडे होऊन त्या बनतात. त्यांना केंद्रक नसते व त्यांचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे असते. कांदा चिरताना बोट कापले की रक्तवाहिनीच्या भिंतीतील कोलॅजन नावाचे तंतू उघडे पडतात. रक्तपट्टिका तेथे जाऊन चिकटतात, रसायने सोडून आपल्या सोबतिणींना बोलावून घेतात आणि भगदाड बुजवितात. मागाहून फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे त्यावर विणले जाते व गुठळी पक्की होते. १८८२ साली इटलीतील ज्युलिओ बिझोझेरो यांनी त्यांचे हे कार्य दाखवून दिले. १९१० साली अमेरिकेत विल्यम ड्यूक यांनी रक्तपट्टिका फार घटलेल्या रुग्णास दुसऱ्याचे रक्त दिले, तेव्हा त्याचा रक्तस्राव थांबला.

डेंग्यूमध्ये आकडा नुसता खाली आला म्हणून रक्तपट्टिका देण्याची घाई करणे मात्र योग्य नाही. बहुतेक रुग्णांत तो आपोआप वर चढतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या सिंगापूर व मलेशियातील एका चाचणीत, रक्तस्राव नसलेल्या रुग्णांना त्या देऊन लाभ झाल्याचे आढळले नाही. खरी गरज असते ती रक्त वाहू लागलेल्या रुग्णांना, कर्करोगाच्या औषधांनी अस्थिमज्जा क्षीण झालेल्यांना आणि मोठ्या अपघातांत जखमी झालेल्यांना. पुण्यात १९४८ साली सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. तेथून शिकून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना हिमशिखरांवरील चौक्यांतही जावे लागते. तेथे डुलणारे कपाट कोठून आणावे?

या अडचणीमुळे शास्त्रज्ञ कृत्रिम रक्तपट्टिकांच्या मागे लागले. १९९२ साली बॅरी कॉलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या रक्तपेशींवर प्रथिनांचे लहान तुकडे जोडून पाहिले. क्लीव्हलंड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात अनिर्बाण सेनगुप्त यांनी तांबड्या पेशीही बाजूला ठेवल्या. त्यांनी स्निग्ध द्रव्याचे अतिसूक्ष्म गोल करून त्यांच्या पृष्ठभागावर तीन प्रकारचे प्रथिन-तुकडे बसविले. दोन जखमेच्या जागी पकड घेतात. तिसरा शरीरातील खऱ्या रक्तपट्टिकांशी नाते जोडतो. असे गोल वाळवून भुकटीच्या रूपात ठेवता येतात. नॉर्थ कॅरोलायनातील अ‍ॅशली ब्राउन यांनी वेगळीच वाट धरली. त्यांचे कण मऊ, लिबलिबीत पदार्थाचे असतात. ते फायब्रिनच्या धाग्यांना बिलगतात आणि गुठळी आवळून घट्ट करण्यास साहाय्य करतात. उंदरांसारख्या प्राण्यांवर व डुकरांवर केलेल्या त्यांच्या प्रयोगांत रक्तस्राव आटोक्यात आल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले.

यातील कठीण भाग गुठळी करणे हा नव्हे. ती भलत्या ठिकाणी होऊ न देणे, हे खरे कठीण. शाबूत रक्तवाहिनीत गुठळी झाली आणि ती मेंदूकडे किंवा फुप्फुसाकडे गेली, तर औषधच प्राणघातक ठरावयाचे. म्हणून हे कण निरोगी वाहिन्यांतून चिकटल्यावाचून वाहतात काय, आणि शरीर त्यांना परके समजून उलटत नाही ना, याची पुनःपुन्हा पारख करावी लागते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांनंतरही माणसावरील चाचण्यांची पायरी चढावयाची होती.