पान कोणाच्या नावे पडलं ते आधी बघ

पोरी, आजपासून रात्रीबेरात्रीचे अलर्ट तुझ्याकडे येणार, तर एक ऐकून ठेव. कंटेनरच्या आत जाऊन ‘फ्री’ कमांड मारू नकोस. सवयीने मारलीसच तर तिच्यावर विसंबू नकोस. कंटेनरला मर्यादा ५१२ एमबीची असेल आणि फ्री तुला अख्ख्या यंत्राची १२८ जीबी दाखवत बसेल, कारण ती वाचते यंत्राचा हिशेब. तुझ्या कंटेनरमधल्या प्रोसेसच्या गटाचा, म्हणजे सीग्रुपचा, हिशेब लिनक्स वेगळा ठेवतो, त्या सीग्रुपच्या डिरेक्टरीत, ‘मेमरी.करंट’ या फायलीत.

तो आकडाही नुसता वाचून घाबरायचं नाही. रात्री बॅकअपवाल्या जॉबने मोठी फाइल वाचली की तिची पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, कॅशमध्ये राहतात आणि तीसुद्धा त्याच गटाच्या नावे पडतात. आकडा मर्यादेला टेकतो, कोणीतरी ‘मेमरी गळतेय’ म्हणून बोंब मारतं. तेव्हा ‘मेमरी.स्टॅट’ उघड. त्यात ‘अ‍ॅनॉन’, म्हणजे प्रोसेसची स्वतःची मेमरी, दिवसेंदिवस चढत असेल तर गळतीचा संशय रास्त. ‘फाइल’ चढत असेल तर सहसा काळजी नको, गरज पडली की कर्नल ती पानं स्वतः मोकळी करतो. सहसा म्हणाले, कारण ‘फाइल’च्या आकड्यातच ‘शेअर्ड मेमरी’ लपलेली असते. /डेव्ह/शेम किंवा टेम्पएफएसमध्ये ठेवलेल्या मजकुराला डिस्कवर घर नसतं. स्वॅप बंद असेल तर तो हलणार कुठे? ‘रॅममध्ये ठेवू, वेगात चालेल’ म्हणत तात्पुरत्या फायली तिथे टाकणारे लोक तुला भेटतील. त्यांचा ‘शेम’चा आकडा आधी बघ.

आता मुख्य गोष्ट. चार केबीचं एक पान, आणि त्याला ज्या गटाने पहिला हात लावला त्याच्या नावे ते पडतं. हॉटेलात बाटलीचं झाकण ज्याने उघडलं त्याच्या बिलात ती, मग पाणी सगळ्या टेबलाने प्यायलं तरी. दोन सेवा एकच लायब्ररी, एकच डेटा फाइल वाचत असतील तर जी आधी सुरू झाली ती जाड दिसेल, दुसरी सडपातळ. क्रम उलटा केलास की आकडेही उलटतील, आणि दोघींचे मालक तुझ्यासमोर भांडतील. बलबीर सिंग आणि पावेल इमेल्यानोव्ह यांच्या कामातून हा मेमरी कंट्रोलर २००८ मध्ये २.६.२५ कर्नलमध्ये आला, तेव्हापासूनची ही रीत. न्याय्य नाही, पण प्रत्येक पानाच्या प्रत्येक भागीदाराची नोंद ठेवायची तर हिशेबातच यंत्र दमेल. मलाही हाच सौदा पटतो. त्या भांडणात प्रत्येक प्रोसेसचा आरएसएस, म्हणजे तिची रॅममध्ये असलेली पानं, मिळवून एकूण काढणाऱ्याला मात्र थांबव. वाटून वापरलेलं पान तो दर प्रोसेसमागे पुन्हा मोजतोय.

प्रोसेस चालू असताना एका गटातून दुसऱ्यात हलवलीस तर मागचा खर्च तिच्यासोबत जात नाही, जुन्याच गटाच्या नावे राहतो. म्हणून आधी गट, मग प्रोसेस.

एमबीच्या खालच्या फरकासाठी वाद घालू नकोस. नव्या कर्नलमध्ये प्रत्येक सीपीयू ६४ पानांपर्यंत उचल आगाऊ घेऊन ठेवतो, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे असतोच.

मर्यादा दोन आहेत, आणि नवखे एकच लावतात. ‘मेमरी.मॅक्स’ ही भिंत: पानं मोकळी करूनही भागलं नाही तर त्या गटातली प्रोसेस मारली जाते, ती मुख्य प्रोसेस असेल तर कंटेनर १३७ कोड देऊन पडतो. १२८ अधिक सिग्नल ९, एवढंच त्याचं गूढ. ‘मेमरी.हाय’ मारत नाही. ती प्रोसेसला रोखून धरते, पानं मोकळी करायला लावते. मॅक्सच्या थोडी खाली हाय लाव, पण लावलीस तर ‘मेमरी.प्रेशर’वर नजर हवीच, नाहीतर सेवा मरतही नाही आणि कामही करत नाही. त्यापेक्षा मेलेली परवडते, निदान पुन्हा सुरू तरी होते. एक प्रोसेस मेली की बाकीच्या निरुपयोगी होतात अशा सेवेला ‘मेमरी.ओओएम.ग्रुप’मध्ये १ लिही, म्हणजे मारायची वेळ आली तर सगळा गट एकदम जाईल. ही सोय ४.१९ पासून आहे. आणि किती प्रोसेस मारल्या गेल्या ते ‘मेमरी.इव्हेंट्स’मधल्या ‘ओओएम_किल’पुढे लिहिलेलं असतं. त्यात पोटगटांचीही बेरीज असते. फक्त त्या गटाचं हवं असेल तर ‘मेमरी.इव्हेंट्स.लोकल’ बघ.

दर मिनिटाला नवा गट काढून पुसणारे जॉब असतील तिथे आणखी एक फाइल बघायची, ‘सीग्रुप.स्टॅट’. डिरेक्टरी पुसली म्हणून गट संपत नाही. त्याच्या नावे कॅशमधलं पान उरलं असेल तोवर कर्नल त्याला धरून ठेवतो. ‘एनआर_डाइंग_डिसेंडंट्स’ हजारांत गेला की समज, अशी मेलेली खाती साठली आहेत. त्या जॉबांना दर वेळी नवा गट काढून देण्याऐवजी एकच कायमचा गट दे. तोवर ५.१९ किंवा त्यापुढचा कर्नल असेल तर वरच्या गटाच्या ‘मेमरी.रिक्लेम’मध्ये हवा तो आकडा लिही, कॅश उतरेल. दुपारी लिहू नकोस. गर्दीच्या वेळी कॅश उतरवलीस की डिस्क ओरडते आणि फोन तुलाच येतो.