अपघाताचा कागद कोण लिहितं?



गटात दहा रुपये जमा झाले तरी आपण ते लिहितो. पासबुकात एक अंक चुकला तर अध्यक्ष ताईंना धारेवर धरतो. पण त्याच आपण जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर, पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला गेलो की आपल्याबद्दल कोण काय लिहितं ते बघतही नाही.

गेल्या हंगामात एका गावात भेटीला गेले होते. तिथल्या एका ताईचा हात जिनिंगच्या मशिनीत गेला. मुकादमाने लगेच गाडी काढली, दवाखान्यात नेलं, सगळ्यांना वाटलं माणूस भला आहे. केसपेपर काढायलाही तोच उभा राहिला. पुढे भरपाईचा विषय निघाला तेव्हा आम्ही तो कागद नीट वाचला. त्यावर लिहिलं होतं, "घरी पडल्याने इजा". ती ओळ खोडून काढायला जो त्रास झाला, तो तुमच्यापैकी कुणाला होऊ नये, म्हणून आजचा पाठ.

कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा १९२३ सालचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. (मजुरीतून ईएसआय कापला जात असेल तर भरपाईची वाट वेगळी, ती ईएसआयच्या कार्यालयातून.) बऱ्याच जणींना वाटतं हा कायदा फक्त पैशाचा आहे. तसं नाही. अपघाताची माहिती कुणी, कशी, किती दिवसांत गोळा करायची हेही सरकारने त्यात बांधून दिलं.

पहिली गोष्ट, सूचना. जखमी बाईचं नाव, पत्ता, अपघाताची तारीख आणि कारण, एवढंच त्यात लागतं. आणि कारण "साध्या भाषेत" लिहायचं, असं कायद्यातच म्हटलं होतं. म्हणजे वकिली मराठी नको. "मशीन चालू असताना कापूस सारताना हात ओढला गेला" हे पुरे. ही सूचना मालकाला हातात द्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती गटाच्या पेटीत ठेवा. सरकारने ठरवलेल्या मालकांनी त्यासाठी वहीही ठेवायची आणि जखमी कामगाराला ती बघू द्यायची, अशी जुन्या कायद्यात तरतूद होती. कारखान्यात मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर मालकाने सात दिवसांत आयुक्तांकडे अहवाल पाठवायचा. हाड मोडलं किंवा वीस दिवसांहून जास्त काम बुडालं तरी ती गंभीर इजाच. दाव्याची मुदत जुन्या कायद्यात दोन वर्षं होती, पण तुम्ही दोन आठवडेही थांबू नका. साक्षीदार बायका हंगाम संपला की पांगतात.

दुसरी, तपासणी. सूचना मिळाल्यावर तीन दिवसांच्या आत मालकाने आपल्या खर्चाने डॉक्टरकडून तपासणी देऊ केली तर ती करून घ्यावी लागते. उगाच नकार दिला तर भरपाईचा हक्क अडकतो. पण त्यालाही कुंपण आहे. १९२४ च्या नियमांप्रमाणे संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत तुमच्या संमतीशिवाय बोलावता येत नाही. हलता येत नसेल तर डॉक्टरने तुमच्याकडे यायचं. बाईची तपासणी पुरुष डॉक्टर करणार असेल, तर तिची संमती हवी, नाहीतर दुसरी बाई हजर हवी. शंभर वर्षांपूर्वी हे कुणाला तरी सुचलं, याचं मला खरंच नवल वाटतं! संहितेचे नवे नियम येतील तसे तपशील बदलू शकतात, म्हणून अर्जाआधी तालुका विधी सेवा समितीत विचारा. तिथे बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आता सर्वांत महागाच्या दोन नोंदी, मजुरी आणि वय. फळ्यावर मांडतो तसं मांडते. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. चाळीस वर्षांच्या बाईसाठी तो १८४.१७ आहे. मजुरी ९,००० असेल तर ५,४०० गुणिले १८४.१७, म्हणजे ९,९४,५१८ रुपये. हजेरीपटावर मजुरी ६,००० लिहिली असेल तर ६,६३,०१२. तीन लाखांवर पाणी, एका अंकापायी. आणि मजुरी बरोबर, पण आधारवर वय अंदाजाने पन्नास टाकलंय? मग आकडा १५३.०९, भरपाई ८,२६,६८६. आपल्या किती जणींच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे ते तुम्हालाच माहीत. शाळेचा दाखला असेल तर ती दुरुस्ती आत्ताच करून घ्या.

कोऱ्या कागदावर अंगठा मात्र देऊ नका, "विम्यासाठी लागतो" म्हटलं तरी. हक्क सोडला असं लिहून घेतलेला करार कायद्याने टिकत नाही. पण आधी अंगठा आणि वर मजकूर नंतर, तर ते सिद्ध करत बसायला तुम्हालाच लागतं.

आणि दवाखान्यात केसपेपर काढताना कसं लागलं, कुठे लागलं हे डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा. बोलता येत नसेल तर सोबतच्या मैत्रिणीने सांगायचं, मुकादमाने नाही. लिहून झालं की वाचून घ्या, मोबाईलवर फोटो काढा.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला कामावर जाणाऱ्या ताईंनी आधार आणि मजुरीचा जो कागद असेल तो घेऊन या. चिठ्ठी असली तरी चालेल. सूचनेचा नमुना आपण तिथेच बसून लिहू.