आकृतीतून निराकाराकडे

परमात्मा निराकार आहे. मग त्याच्या उपासनेत त्रिकोण, चौकोन व वर्तुळ ह्यांचे प्रयोजन काय, असा प्रश्न विचारी गृहस्थाच्या मनात येतो. दुसरीकडे घरोघर वेगळाच प्रकार दिसतो. कर्ज फिटावे, मुलीचे लग्न जमावे, धंद्यात बरकत यावी म्हणून यंत्र कोरलेला तांब्याचा पत्रा विकत आणून भिंतीवर लावला जातो आणि इच्छा पुरी झाली नाही की तोच पत्रा अडगळीत जाऊन पडतो. पहिल्याला आकृती निरर्थक वाटते. दुसऱ्याला ती फळ देणारी वस्तू वाटते. तिचे मर्म दोघांच्याही हाती लागत नाही.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट केले आहे की, देहधारी मनुष्याला अव्यक्ताची वाट कष्टाची होते. मनाला टेकण्यासाठी काहीतरी आधार हवा असतो. मूर्ती हा तसा आधार आहे. आकृती त्याहून सूक्ष्म आधार आहे. कारण तिला मुख नाही, हात नाहीत, वर्ण नाही. आहेत त्या केवळ रेषा आणि त्यांच्या मध्यभागी एक बिंदू. सगुण आणि निर्गुण ह्यांच्यामधली ती पायरी होय. पायरी चढण्यासाठी असते, तिच्यावर बसून राहण्यासाठी नव्हे. हेच सूत्र धरून काही प्रसिद्ध आकृतींचा विचार करू.

१. यज्ञवेदी

आपल्याकडे आकृतीचे शास्त्र यज्ञातून जन्मले. शुल्ब म्हणजे दोरी. दोरी व खुंट्या ह्यांच्या साहाय्याने वेदी कशी आखावी हे बौधायन, आपस्तंब, कात्यायन आदींच्या शुल्बसूत्रांत सांगितले आहे. आयताच्या कर्णावरील चौरस हा त्याच्या दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हा सिद्धांत बौधायनाने सांगितला तो वेदी अचूक व्हावी म्हणून.

गार्हपत्य अग्नीचे स्थान वर्तुळाकार, आहवनीयाचे चौरस आणि दक्षिणाग्नीचे अर्धवर्तुळाकार. परंतु तिघांचे क्षेत्रफळ समान असावे, असा दंडक आहे. आकार भिन्न, माप एक. साधकाने येथूनच बोध घ्यावा की, बाह्य रूप निराळे असले तरी आतील मोल उणे-अधिक होत नाही.

१९७५ साली केरळातील पांजाळ येथे नंबूद्री वैदिकांनी अग्निचयन केले. पक्ष्याच्या आकाराची चिती विटांच्या पाच थरांनी रचण्यात आली, आणि बारा दिवसांचे कर्म संपल्यावर यज्ञमंडप अग्नीला अर्पण करण्यात आला. एवढ्या काटेकोरपणे उभारलेले ते स्थान कोणी स्वतःसाठी राखून ठेवले नाही.

२. श्रीयंत्र

यंत्र हा शब्द ‘यम्’ म्हणजे आवरणे ह्या धातूपासून आला आहे. जे मनाला आवरते ते यंत्र. श्रीयंत्रात नऊ मोठे त्रिकोण एकमेकांत गुंफलेले असतात. चार ऊर्ध्वमुख त्रिकोण शिवाचे आणि पाच अधोमुख त्रिकोण शक्तीचे मानले जातात. त्यांच्या छेदांतून त्रेचाळीस लहान त्रिकोण उत्पन्न होतात. त्यांच्याभोवती आठ पाकळ्यांचे कमळ, मग सोळा पाकळ्यांचे, आणि सर्वांत बाहेर चार द्वारांचे चौकोनी भूपुर असते.

पूजेचा एक क्रम भूपुरापासून आत बिंदूकडे जातो. त्यास संहारक्रम म्हणतात. बिंदूपासून बाहेर येणारा तो सृष्टिक्रम. आधी प्रपंचाची चौकट, मग पाकळ्या, मग त्रिकोण. एकेक आवरण मागे टाकीत उपासक बिंदूशी पोहोचतो. बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही. तेथे नेत्रांना पाहण्याजोगे काही उरत नाही, आणि पाहणाराच शिल्लक राहतो. ज्या यंत्राची अशी रचना आहे, ते केवळ भिंतीवर टांगून काय साधणार?

३. परदेशांतील साक्षी

हीच वाट अन्य देशांतील साधकांनीही दगडात कोरून ठेवली आहे. जावा बेटावरील बोरोबुदूर हा बौद्ध स्तूप शैलेंद्र राजांच्या काळी, आठव्या-नवव्या शतकांत, उभारला गेला. त्याचे खालचे सहा मजले चौकोनी व वरचे तीन वर्तुळाकार आहेत. चौकोनी भागात प्रदक्षिणा घालताना भिंतींवर बुद्धचरित्राची व जातककथांची शिल्पे दिसतात. वर्तुळाकार भागात शिल्पकथा संपतात. तेथे बहात्तर जाळीदार स्तूप असून आतील बुद्धमूर्ती जाळीतून अर्धवटच दिसतात. शिखरावरील मोठा स्तूप तर सर्व बाजूंनी बंद आहे. जसजसे वर जावे तसतसे पाहण्याचे कमी होत जाते.

फ्रान्समधील शार्त्र येथील ख्रिस्ती मंदिराच्या फरशीवर तेराव्या शतकातील एक वर्तुळाकार मार्ग आहे. त्याचा व्यास सुमारे तेरा मीटर आहे. ह्या मार्गाला फाटा नाही, म्हणून चालणारा चुकू शकत नाही. तथापि तो प्रारंभीच मध्याच्या अगदी जवळ येतो आणि पुन्हा दूर कडेकडे लोटला जातो. चालत राहिला तरच शेवटी मध्याशी पोहोचतो. ध्यानाला बसणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव परिचित आहे. चंचल मन जेथे जेथे धावेल तेथून त्याला परत आणावे, हा सहाव्या अध्यायातील उपदेश अशाच प्रवाशासाठी आहे.

४. एक आकार, अनेक अर्थ

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आकार सारखा दिसला म्हणून अर्थही एकच, असे घाईने म्हणू नये. दोन त्रिकोणांचे षट्कोण आपल्याकडे शिवशक्तींचे ऐक्य सांगते. यहुदी लोक त्याच आकृतीला दाविदाची ढाल म्हणतात व ती त्यांच्या समाजाची खूण झाली आहे. दिल्लीतील हुमायूनच्या मकबऱ्याच्या कमानींवरही ती दिसते. प्रत्येकाचा भाव त्याच्या परंपरेतून समजून घ्यावा. दुसऱ्याच्या चिन्हावर आपला अर्थ लादणे हा आदर नव्हे.

५. पुसली जाणारी आकृती

तिबेटी भिक्षू रंगीत वाळूचे मंडल कित्येक दिवस खपून घडवतात. विधी संपला की ते झाडून एकत्र करतात आणि वाळू वाहत्या पाण्यात सोडतात. अमेरिकेतील नवाहो लोक रोगनिवारणासाठी वाळूचे चित्र रेखाटतात, रोग्याला त्यावर बसवतात आणि विधीनंतर ते मोडून टाकतात.

दूर कशाला जावे? महाराष्ट्रातील रांगोळी, तामिळनाडूचे कोलम, आंध्रातील मुग्गु, बंगालची अल्पना व मिथिलेचे अरिपन हे आपल्या गृहिणींचे नित्यव्रतच नव्हे काय? पहाटे अंगण सारवून ठिपके मांडावेत, रेषा जोडाव्यात. दुपारपर्यंत पावलांनी ते पुसले जावे, तांदळाच्या पिठाचे असेल तर मुंग्यांनी न्यावे. आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच मनोभावे पुन्हा रेखावे. कर्म सुंदर करायचे आणि फळाला चिकटायचे नाही, हा दुसऱ्या अध्यायाचा पाठ आपल्या उंबरठ्यावर रोज लिहिला जातो. जी माउली अक्षर वाचू शकत नाही तीही तो लिहिते.

६. गृहस्थाने काय करावे?

श्रीयंत्राची आवरणपूजा गुरुमुखातून शिकावी. ज्यांना तसा योग नाही त्यांनी खंत करू नये. रोज ठरल्या वेळी एक साधी आकृती स्वतःच्या हाताने काढावी. काही वेळ शांत बसून दृष्टी कडेपासून मध्याकडे न्यावी. मन भरकटले तर रागावू नये; पुन्हा कडेपासून आरंभ करावा. नंतर डोळे मिटून तोच मध्य हृदयात पाहावा. त्या वेळी काही मागू नये. कर्ज फेडण्यासाठी काटकसर व उद्योग करावा, मुलीच्या लग्नासाठी योग्य खटपट करावी. ती कर्तव्ये आहेत. ती पत्र्यावर सोपवून मोकळे होता येत नाही. आकृतीने मन स्थिर झाले तर तीच कर्तव्ये चिंतेवाचून पार पडतात, एवढे तिचे साह्य निश्चित आहे.

अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात की, ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात राहून त्यांना यंत्रावर बसवल्याप्रमाणे फिरवीत आहे. खरे यंत्र हा देहच आहे आणि त्याचा बिंदू हृदयात आहे. अडगळीत पडलेला तो पत्रा अवश्य काढावा, पुसून स्वच्छ करावा आणि त्याच्यासमोर बसावे. परंतु ह्या वेळी मागण्यासाठी नव्हे, आत वळण्यासाठी.