प्लेटा मोजू नका, शिधा मोजा

स्वागत समारंभ मोकळ्या मैदानावर, लॉनवर किंवा शेतात ठेवला की खर्च वाचतो, असं मूर्तिजापूरकडे सगळेच धरून चालतात. हॉलचं भाडं वाचतं हे खरं. पण जेवणाचा करार ‘प्रति प्लेट’ दराने केला असेल, तर वाचलेलं भाडं जेवणाच्या बिलातून निघून जातं, आणि घरच्या माणसाला त्याचा पत्ता लागतो तो मंडप उतरताना. माझ्या हाती जे बिल पडलं त्याचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण रागाने कुणाचे पैसे वाचत नाहीत, म्हणून हिशेबच मांडतो. उघड्यावरच्या साध्या लग्नात जेवण परवडायला हवं असेल, तर दरात दहा-वीस रुपयांची घासाघीस करण्यात अर्थ नाही. प्लेटचा दर मुळातच नाकारावा, आणि शिधा वेगळा, मजुरी वेगळी ठरवावी.

प्लेटच्या दरात माणूस मोजला जात नाही, खरकटं ताट मोजलं जातं. हॉलला दार असतं, मैदानाला नसतं. बँडवाले, जनरेटरवाला, फोटोवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, बाजूच्या वस्तीतली पोरं सगळे जेवतात, आणि जेवावंच; लग्नात आलेल्याला उपाशी पाठवू नये. पण एकाच माणसाने पाणीपुरीला एक प्लेट घेतली, जेवणाला दुसरी आणि गोडासाठी तिसरी, की बिलात तीन जेवणं लागतात. लेकराने अर्धी जिलेबी खाऊन ठेवलेलं ताटही पूर्ण जेवणच. त्यात ‘किमान इतक्या प्लेटा’ ही अट आधीच लिहिलेली असते. माणसं कमी आली तर अटीचा आकडा, जास्त आली तर मोजणीचा. दोन्हीकडून भुर्दंड यजमानालाच. मोजणी होते रात्री उशिरा, आवराआवरीच्या गडबडीत, भांडी घासायच्या जागी, घरचं कोणी तिथे नसताना. आकडा पुढे ठेवला जातो तेव्हा मात्र भोवती सोयरे उभे असतात. त्या घडीला मुलीचा बाप वाद घालत नाही, खिशात हात घालतो, आणि समोरच्याला हे पक्कं ठाऊक असतं. याहून चीड येते ती पुढच्या गोष्टीची. पुष्कळ करारांत उरलेलं अन्नही कॅटररचंच असतं. पैसे आपण मोजायचे, आणि भाताचे गंज त्याने टेम्पोत चढवून न्यायचे.

आता शिध्याचा हिशेब पाहा. पोळी, भात, वरण, भाजी आणि एक गोड असं जेवण धरलं, तर माणशी साधारण 80 ग्रॅम तांदूळ, 40 ग्रॅम तुरीची डाळ, 100 ग्रॅम कणीक आणि 125 ग्रॅम कच्ची भाजी पुरते. म्हणजे 300 माणसांना 24 किलो तांदूळ, 12 किलो डाळ, 30 किलो कणीक आणि 38 किलोच्या आसपास भाजी. गोडाला माणशी 60-70 ग्रॅम बुंदी धरा. ही यादी घेऊन ओळखीच्या किराणा दुकानात जा, भाव लिहून घ्या. तेल, मसाला, गॅस, आचारी, पोळ्या लाटणाऱ्या बाया आणि वाढपी यांचे पैसे त्यात मिळवा, 300 ने भागा आणि प्लेटच्या दराशेजारी ठेवा. अकोल्यात डाळमिला आहेत, शेतात तूर आपलीच पिकते. डाळ घरची असेल तर फरक आणखी वाढतो. पदार्थ वाढले की हा हिशेब बिघडतो. चार भाज्या ठेवल्या म्हणून कोणी चौपट जेवत नाही. पण कोणती आधी संपेल हे आचाऱ्याला कळत नसल्याने प्रत्येकीत तो हात राखून जादा टाकतो. चार भाज्यांची उरवण एका भाजीपेक्षा कितीतरी जास्त, ती इथून येते.

आपल्याकडची जुनी जेवणावळ या कामाला पक्की आहे. आलू-वांग्याची रसदार भाजी, फोडणीचं वरण, वरून सांभार म्हणजे कोथिंबीर, भात, पोळी किंवा पुरी, बुंदी आणि मठ्ठा. यातला एकही पदार्थ हलक्या दर्जाचा नाही, आणि हे जेवण ऊन सोसणारं आहे. मे महिन्यात अकोल्याकडे पारा 45 अंशांवर जातो. तेव्हा पनीर, बासुंदी, रबडी, मलईचे पदार्थ उघड्यावर ठेवणं म्हणजे पाहुण्यांच्या जिवाशी खेळ आहे. शिजलेलं अन्न 60 अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे, नाहीतर लवकर संपलं पाहिजे. म्हणून भात एकदम न शिजवता तीन घाण्यांत शिजवून घ्या. तसंही अकोला-बडनेऱ्याकडून गाडीने येणारे पाहुणे एकदम येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात. मठ्ठ्यात बर्फ टाकण्याआधी तो कोणता आहे ते विचारा. महाराष्ट्रात 2018 पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे. घरगुती गॅसचं सिलिंडर भट्टीला लावू देऊ नका, 19 किलोचं व्यावसायिकच मागा. भट्टी मंडपाच्या कापडापासून लांब, आणि मंडपाकडून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला. बाकी स्वच्छता, पाणी, हात धुण्याची सोय हे सगळ्यांना कळतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आचारीही यादी फुगवतो, सामान घरी नेतो. मग त्यापेक्षा कॅटरर काय वाईट? आक्षेप खरा आहे. पण फुगवलेली यादी डोळ्यांना दिसते, फुगवलेली प्लेट दिसत नाही. यादी दोन आचाऱ्यांकडून स्वतंत्र लिहून घ्या. न फोडलेले तेलाचे डबे आणि शिल्लक पोती परत घेणारा दुकानदार गाठा. कोठीची चावी अशा नातेवाइकाकडे द्या, ज्याला फोटोत उभं राहायची हौस नाही. दुसरा आक्षेप, घरच्यांना डोकेदुखी. आहेच, पण ती आदल्या दिवसाची असते. बिलाची डोकेदुखी पुढचा हंगाम येईपर्यंत चालते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड, लोक काय म्हणतील. त्याचं उत्तर याच तालुक्यात आहे. शेंडगावला 1876 मध्ये जन्मलेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीत मामाकडे वाढलेले डेबूजी, म्हणजे आपले गाडगे महाराज, जन्मभर कीर्तनांतून लग्नासाठी कर्ज काढू नका असं सांगत फिरले. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी रिवाजाचं मटण आणि दारू टाळून गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद रागावले, पण जेवण झालंच. ज्या मूर्तिजापूरने त्यांचं नाव संस्थांना दिलं, तिथे एका भाजीच्या जेवणाची लाज वाटण्याचं कारण नाही. शिधा आपला असेल तर उरलेला भात-वरण त्याच रात्री, गरम असताना, भुकेल्यांपर्यंत नेता येतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

कामामुळे किंवा माणसं नसल्यामुळे कॅटररच घ्यावा लागला, तर निदान एवढं करा. अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवाना पाहा. मोजणी प्लेटांची नको, आधी दिलेल्या कुपनांची हवी, आणि ती दर तासाला आपल्या माणसासमोर. लहान मुलांचा दर, मदतनिसांचं जेवण आणि उरलेलं अन्न कोणाचं, हे तिन्ही कागदावर लिहून त्याची सही घ्या. सही करायला जो कां-कू करील, त्याला इसार देऊ नका.