हात जरा मागे घ्या

प्रिय आई-बाबांनो,

विशेष शाळेचा दाखला घेऊन तुम्ही आमच्या कार्यशाळेत येता तेव्हा तुमचं मूल अठरा वर्षांचं झालेलं असतं. फॉर्म भरता भरता तुम्ही विचारता, ‘ताई, याला इथे काय शिकवाल? चार पैसे मिळवेल का हा?’ मग पेन खाली ठेवून, आवाज उतरवून दुसरा प्रश्न येतो, ‘आमच्या माघारी याचं कसं व्हायचं?’ बौद्धिक दिव्यांग मुलांना कामाचं शिक्षण देताना हा प्रश्न मी बंगल्यातून गाडीने आलेल्या आईकडूनही ऐकते आणि धुणीभांडी करून मुलाला बसने घेऊन येणाऱ्या आईकडूनही. त्याचं सगळं उत्तर एकट्या कार्यशाळेकडे नाही. पण त्यातला मोठा भाग तुमच्या घरात, तुमच्या डोळ्यांदेखत घडू शकतो. त्याबद्दल आज मोकळेपणाने बोलू या.

आधी आमच्याकडे काय चालतं ते सांगते. कागदी पिशवीचंच घ्या. तुम्हा-आम्हाला ते एक काम वाटतं. आम्ही त्याचे तुकडे करतो : कागद समोर धरणं, आखलेल्या रेषेवर घडी घालणं, कडेला खळ लावणं, चिकटवून दाबणं, तळ दुमडणं, भोकं पाडणं, दोरी ओवणं, गाठ मारणं, तयार पिशवी गठ्ठ्यावर ठेवणं. एखाद्या मुलासाठी यातल्या एका तुकड्याचेही चार भाग करावे लागतात. पुष्कळदा आम्ही शेवटापासून सुरुवात करतो. बाकीचं सगळं आम्ही करून देतो आणि शेवटी गाठीची दोरी तेवढी मूल ओढतं. पिशवी त्याच्या हातून पूर्ण होते, तीही पहिल्याच दिवशी. ‘मी केली’ हे कळलं की त्याच्या आधीचा टप्पा शिकायला ते आपणहून पुढे सरकतं.

ज्याला दहापर्यंत मोजता येत नाही, त्याच्यापुढे दहा चौकोन आखलेली फळी ठेवतो. एका चौकोनात एक पिशवी. चौकोन भरले की गठ्ठा झाला. त्याचा गठ्ठा कधी नऊचा निघत नाही. ज्याचा एकच हात चालतो त्याच्यासाठी कागद टेबलाला पकडून ठेवणारा चाप बसवतो. घडी वाकडी जात असेल तर पुठ्ठ्याचा साचा देतो. मुलाला जमत नाही तिथे कामाची रीत बदलायची, हे आमच्या कामातलं पहिलं सूत्र आहे.

दुसरं सूत्र मदतीबद्दलचं आहे. सुरुवातीला आम्ही मुलाच्या हातावर हात ठेवून काम करवून घेतो. मग हात मनगटाशी येतो, मग कोपराशी. मग नुसती बोटाने खूण, मग एखादा शब्द, आणि मग काहीच नाही. मदत देणं सोपं आहे, ती वेळेवर काढून घेणं हेच खरं कसब. ज्या दिवशी मूल आमच्याकडे न बघता पुढचा कागद उचलतं, त्या दिवशी ते शिकलं असं आम्ही धरतो.

आणि इथेच मला तुमच्याशी बोलायचं आहे. जो मुलगा आमच्याकडे शर्टाची बटणं स्वतः लावतो, त्याची बटणं घरी आई लावते. जी मुलगी इथे आपला डबा धुऊन ठेवते, तिच्या हातातलं ताट घरी आजी काढून घेते. सकाळची घाई असते, पाहुणे बसलेले असतात, सांडलेलं पुसायला त्राण नसतं, आणि त्यापलीकडे माया असते. ‘बिचाऱ्याच्या वाट्याला आधीच कमी का आलंय, त्यात आणखी काम कशाला लावू?’ ही भावना मी समजू शकते. पण तुम्ही प्रेमाने केलेलं प्रत्येक काम मुलाला एक गोष्ट शिकवतं : हे मला येत नाही, हे दुसऱ्याने करायचं असतं. आठवड्यातले पाच दिवस आम्ही जे शिकवतो ते शनिवार-रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत विरून जातं.

आता तुमच्या त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते : ‘आमच्या माघारी याचं कसं व्हायचं?’ उद्या तुमच्या मुलाला भाऊ सांभाळेल, बहीण सांभाळेल, किंवा एखादी निवासी संस्था सांभाळेल. जो स्वतः अंघोळ करतो, संडासला जाऊन स्वच्छता राखतो, ताट वाढून घेतो, पोटात दुखतंय हे सांगू शकतो, त्याला कुठेही सामावून घेणं सोपं जातं, आणि तिथे त्याचा मानही राहतो. पाच सुंदर पणत्या रंगवणाऱ्या पण अंघोळीला आई लागणाऱ्या मुलापेक्षा, एकही पणती न रंगवता स्वतःचं स्वतः आवरणारं मूल अधिक स्वतंत्र आहे.

म्हणून घरात कामं द्या. सहाव्या-सातव्या वर्षापासूनच द्या, अठराची वाट पाहू नका. पांघरुणाची घडी, पाण्याच्या बाटल्या भरणं, लसूण सोलणं, मटार सोलणं, जेवायला पानं घेणं, देवापुढच्या फुलवाती. दोरीवरचे वाळलेले कपडे काढून बाबांचे, ताईचे, आपले असे वेगळे लावणं. या शेवटच्या कामात रंग, आकार, कुणाचं काय हे ओळखणं, सगळं येतं. कार्यशाळेत सामान निवडताना हीच नजर लागते. मुलगा असला तरी त्याला स्वयंपाकघरात येऊ द्या. काम रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच क्रमाने असू द्या. आणि ते करत असताना तुम्ही शेजारी बसा, हात जरा मागे घ्या, आणि थांबा. आपल्याला जे चुटकीसरशी सुचतं ते त्याच्या हातात उतरायला वेळ लागतो. तो वेळ संपायच्या आत आपण मदतीला धावलो की त्याचा प्रयत्न अर्धवट राहतो.

नोकरीबद्दलही बोलू. मुंबईत जुहूचं कॅफे अर्पण पाहा, तिथे ऑटिझम आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेली तरुण मंडळी काम करतात. लेमन ट्री हॉटेलांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना कामावर घेतलं. अशा ठिकाणी सुरुवातीला प्रशिक्षक मुलाबरोबर जातो, काम समजावतो, सहकाऱ्यांनाही समजावतो आणि मग हळूहळू बाजूला होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी ठेवला. दार किलकिलं झालं आहे. पण आतापर्यंत मी पाहिलंय ते असं : बाहेरचं काम सुटतं ते बहुधा हात चालत नाही म्हणून नाही. वेळेवर पोचणं, चुकलं तर विचारणं, साहेब रागावले तरी काम सोडून न जाणं, दुसऱ्याच्या डब्याला हात न लावणं, ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना मिठी न मारणं, अशा गोष्टींवरून ते सुटतं. या सवयींचा पाया घरातच पडतो.

मिठीचा विषय निघाला म्हणून अवघड गोष्ट स्पष्ट बोलते. मुलांचं शरीर वयाप्रमाणे वाढतं, समज कमी असली तरी. अंघोळीला दार लावायचं, कपडे बंद खोलीत बदलायचे, कुणी नको तिथे हात लावला तर मोठ्याने ‘नाही’ म्हणायचं आणि घरी येऊन सांगायचं, हे मुलींना शिकवा आणि मुलांनाही शिकवा. जे मूल आयुष्यभर ‘शहाणं बाळ, सांगितलं ते ऐकतं’ म्हणून वाढवलं, त्याला कुणाचंही ऐकायची सवय लागते. घरात त्याला ‘नको’ म्हणू द्या : नको ती भाजी, नको तो शर्ट. हा नकार बाहेर त्याचं रक्षण करतो. मुलीला पाळीच्या दिवसांत पॅड बदलायला शिकवणं हेही टप्पे पाडून जमतं. ते शिकवण्यात आम्ही तुमच्यासोबत आहोत.

एक काळजी आरोग्याची. नीट काम करणारं मूल अचानक सुस्त झालं, चिडचिड करू लागलं, तर आळशीपणाचा शिक्का मारू नका. डाऊन सिंड्रोम असलेल्यांत थायरॉइडची तक्रार पुष्कळदा आढळते, म्हणून वर्षातून एकदा रक्ततपासणी करा. दात, कान, डोळे तपासून घ्या. दुखतंय हे शब्दांत सांगता येत नाही तेव्हा मूल ते वागण्यातून सांगतं.

पैशांबद्दल. महिन्याच्या शेवटी मुलाच्या हातात जे मानधन पडतं ते थोडं असतं. राख्या, पणत्या, उटणं, आकाशकंदील यांच्या हंगामात थोडं वाढतं, पुन्हा कमी होतं. त्यावर घर चालणार नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ते पाकीट मुलाकडून काढून कपाटात ठेवू नका. त्याच्या नावाचं बँक खातं उघडा, त्याला सोबत न्या, पैसे भरताना त्याला रांगेत उभं करा. थोडे त्याच्या हातात राहू द्या. आपल्या पैशांनी त्याने आजीसाठी केळी आणली, बहिणीला ओवाळणी घातली, तर घरातली त्याची जागा बदलते. एरवी तो घेणाराच असतो, त्या दिवशी देणारा होतो.

आता कागदपत्रं. मूल अठराचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं, आणि आई-वडील म्हणून असलेलं तुमचं पालकत्व आपोआप पुढे चालत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा असतो. याच न्यासाची निरामय योजना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा देते, आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही धरलेली आहे. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र काढलं नसेल तर आधी ते काढा. सरकारी नोकरीत असाल तर दिव्यांग अपत्याला मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्याचं नाव कार्यालयात वेळेत नोंदवा. आणि मृत्युपत्र करा. हा विषय अभद्र मानून टाळू नका.

काहीजण आशेने विचारतात, ‘लग्न लावून दिलं तर सुधारेल का?’ बौद्धिक अक्षमता लग्नाने जात नाही. सत्य दडवून लावलेलं लग्न दोन माणसांचं आयुष्य अवघड करतं. तसंच दुसऱ्या अपत्याला ‘तुलाच याला सांभाळायचंय’ हे लहानपणापासून सांगत राहू नका. त्याला खेळू द्या, शिकू द्या, भावावर रागावूही द्या. मोठेपणी ते जबाबदारी घेईल ती आपलेपणाने घेऊ दे, ओझं म्हणून नको. आणि ती घेणंही त्याला सोपं जाईल, जर भावाला आपलं आपलं बरंच काही येत असेल.

ज्यांचं मूल पलंगावरून उठत नाही, बोलत नाही, त्या आई-बाबांना हे वाचून वाटेल की हे आपल्यासाठी नाही. आहे, तुमच्यासाठीही आहे. मान वळवून दोन शर्टांतला एक निवडणं, घास हवा आहे हे डोळ्यांनी सांगणं, कपडे घालताना हात पुढे करणं, हेही शिक्षणच आहे, आणि त्याचेही टप्पे पडतात. कमाईच्या मापाने मुलाची किंमत कुणी ठरवू लागलं तर तो विचार आधी आपल्याच मनातून काढून टाकू या.

तुम्ही एकटे आहात असं समजू नका. आज जे काही उभं आहे त्यातलं बरंचसं पालकांनीच उभं केलं. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली एका आई-वडिलांनी आपल्या मुलीच्या गरजेतून सुरू केली. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी ही अशाच मुलांची शाळा सुरू केली, त्यामागे त्यांचा स्वतःचा मुलगा होता. देशभरच्या पालक संघटनांचा ‘परिवार’ हा महासंघ १९९५ पासून काम करतो आहे. तुमच्या गावात कार्यशाळा नसेल तर चार पालकांनी एका घराच्या ओसरीवर आठवड्यातून दोन दुपारी मुलांना एकत्र बसवून कामाला सुरुवात करावी. मुलांना सोबत मिळेल, तुम्हाला दोन शब्द बोलायला माणूस मिळेल.

शेवटी एक विनंती. या आठवड्यात घरातलं एकच काम निवडा. रोजचं, छोटं, मुलाला आवडेल असं. ते तुम्ही स्वतः सावकाश करून पाहा आणि त्याचे टप्पे कागदावर लिहा. तो कागद आम्हाला पाठवा, म्हणजे इथेही आम्ही त्याच क्रमाने, त्याच शब्दांत शिकवू. कुठला टप्पा त्याने स्वतः केला, कुठे तुम्ही हात लावला, एवढीच नोंद वहीत रोज करा. पुढच्या पालकसभेला येताना ती वही घेऊन या. सगळ्यांच्या वह्या आपण एकत्र बसून वाचू आणि प्रत्येक मुलाचं पुढचं काम तिथेच ठरवू.

तुमची,
कार्यशाळेतली ताई