प्रार्थना संपल्यावर काय?



विहारातील रविवारच्या वर्गात एका नवदीक्षित आईने मला विचारले, "गुरुजी, त्रिशरण-पंचशील घेतले, वंदना पाठ केली. आता पोरांनी मोर्चात कशाला जायचे? धर्म आणि राजकारण वेगळे ठेवावे असे शेजारी म्हणतात." प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर आज मी आपल्या ग्रंथांतून देणार नाही. एका परदेशी ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या जीवनातून देणार आहे. मात्र त्या माणसाची वाट आपल्या नागपुरावरून गेली होती, हे आपणास ठाऊक असले पाहिजे.

कोण हे लॉसन?

जेम्स लॉसन यांचा जन्म १९२८ साली अमेरिकेत एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या घरी झाला. शाळकरी वयात एका गोऱ्या मुलाने त्यांना रंगावरून शिवी दिली. त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी येऊन आईला सांगितले. आई रागावली नाही. तिने फक्त विचारले, "त्याने काय भले झाले?" हा प्रश्न त्यांना जन्मभर पुरला.

कोरियातील युद्धाच्या वेळी सैन्यात जाण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यासाठी तेरा महिने तुरुंग भोगला. पुढे १९५३ ते १९५६ या काळात मेथडिस्ट मिशनतर्फे ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करणे हाही त्यांचा हेतू होता. गांधींविषयीचे आपले मतभेद जगजाहीर आहेत आणि पुणे करार आपण विसरलेलो नाही. पण लॉसन यांनी घेतले ते साधन होते, आणि त्यांनी ते कोणासाठी वापरले हे पाहिले पाहिजे.

नागपुरात असतानाच, डिसेंबर १९५५ मध्ये, त्यांनी वर्तमानपत्रात मंटगॉमेरी शहराची बातमी वाचली. काळ्यांना मागे बसविणाऱ्या बसवर तेथील काळ्या जनतेने बहिष्कार घातला होता. पुढारी होते सव्वीस वर्षांचे धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग. तो बहिष्कार ३८१ दिवस चालला. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात पूज्य बाबासाहेब लाखो लोकांना दीक्षा देत होते, तेव्हा मंटगॉमेरीतील मोलकरणी आणि मजूर पायी कामावर जात होते.

पाप कोठे राहते?

आता त्यांचा धर्मविचार पाहू. पुष्कळ ख्रिस्ती लोक मानीत की धर्माचे काम माणसाच्या आत्म्याचा उद्धार करणे एवढेच. बायबलचा आधार घेऊन गुलामगिरीचे समर्थन करणारे पाद्रीही अमेरिकेत होऊन गेले. त्याच धर्मातून दुसरा विचार पुढे आला. वॉल्टर राउशेनबुश हे धर्मोपदेशक १८८६ पासून न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत काम करीत होते. दारिद्र्याने मरणाऱ्या बालकांचे अंत्यविधी करता करता त्यांना कळले की केवळ उपदेशाने भागणार नाही. १९०७ साली त्यांनी ग्रंथ लिहून ख्रिस्ती समाजाला या प्रश्नांसमोर उभे केले. पाप फक्त माणसाच्या मनात नसते, ते कायद्यात, कारखान्यात आणि समाजरचनेतही असते, असा त्यांच्या विचाराचा गाभा होता. हे विचार विद्यार्थी किंग यांनी वाचले होते.

लॉसन याच परंपरेतले. ईश्वराने प्रत्येक माणूस आपल्या प्रतिमेत घडविला असेल, तर माणसाला दूर बसविणारा कायदा अधर्म ठरतो. म्हणून तो मोडणे हे धर्मकार्य होय. आपण ईश्वर मानीत नाही. तरीही माणसाच्या प्रतिष्ठेपासून निघालेला हा तर्क आपल्याला परका वाटणार नाही.

तळघरातील शाळा

भारतातून परतल्यावर लॉसन यांची किंग यांच्याशी भेट झाली. किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेत गेले. नॅशव्हिल शहरात, एका चर्चच्या तळघरात, त्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. काही मुले गोऱ्या गुंडांची सोंगे घेत. ती शिव्या देत, ढकलत, केस ओढत. बाकीची मुले हात न उगारता डोके कसे वाचवावे आणि शेजाऱ्याला कसे सांभाळावे, हे शिकत.

फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुले स्वच्छ कपडे घालून, वह्या-पुस्तके घेऊन, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या उपाहारगृहांत जाऊन बसली. त्यांना मार बसला, अटका झाल्या. एक तुकडी तुरुंगात गेली की दुसरी येऊन बसे. काळ्या जनतेने त्या दुकानांतील खरेदीवर बहिष्कार घातला. १० मे १९६० रोजी सहा दुकानांची उपाहारगृहे सर्वांना खुली झाली.

त्याची किंमतही पडली. लॉसन ज्या विद्यापीठात धर्मशास्त्र शिकत होते, त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. धर्म शिकविणाऱ्या संस्थेला धर्म आचरणारा विद्यार्थी नको झाला! अनेक प्राध्यापकांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. २००६ साली त्याच विद्यापीठाने त्यांना शिकविण्यासाठी सन्मानाने बोलाविले.

"मी माणूस आहे"

पुढे लॉसन मेम्फिस शहरात एका चर्चचे धर्मोपदेशक झाले. तेथील सफाई कामगार जवळजवळ सारे काळे होते. गळके टब डोक्याखांद्यावर घेऊन ते घरोघरचा कचरा उचलीत. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून दोन कामगार कचऱ्याच्या मोटारीच्या मागील भागात शिरले. यंत्र आपोआप सुरू झाले आणि दोघेही चिरडून मेले. सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. संपाला साहाय्य करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद लॉसन यांनी घेतले आणि किंग यांना बोलावून आणले.

कामगारांच्या हातातील फलकांवर चारच शब्द छापलेले असत. त्यांचा अर्थ, "मी माणूस आहे." पगारवाढ आणि युनियनची मान्यता या मागण्या होत्याच. पण फलकावर आधी हे लिहावे लागले. बंधूंनो, महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी सांगितले होते की आपण केवळ पाणी पिण्यासाठी आलो नाही, इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आलो आहोत. वाचताना हे तळे आठवल्यावाचून राहत नाही.

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्येच किंग यांचा खून झाला. १६ एप्रिलला शहराने कामगारांची मागणी मान्य केली. लॉसन मात्र थांबले नाहीत. पुढे लॉस एंजेलिसमध्येही ते कामगारांच्या बाजूने उभे राहिले. २०२४ साली, पंचाण्णव वर्षांचे होऊन, ते वारले.

आपण काय घ्यावे?

धर्माने राजकारणात यावे म्हणजे भिक्खूने किंवा पाद्र्याने अमक्याला मत द्या म्हणून सांगावे, असे नव्हे. लॉसन यांनी चर्चला पक्षाचे कार्यालय केले नाही. कचरा कोण उचलतो, कोणाला दूर बसवितात आणि हे कोणत्या नियमाने चालते, एवढे त्यांनी चर्चमध्ये विचारावयास लावले. दुसरी गोष्ट अशी की त्यांनी मुलांना नुसते स्फुरण दिले नाही, आधी तयारी करून घेतली. तयारीशिवाय मोर्चात गेलेला मुलगा एका दगडात सारे घालवितो.

त्या आईला माझे उत्तर एवढेच. ताई, पोराला अडवू नका. पण जाण्यापूर्वी त्याला लॉसन यांच्या आईचा प्रश्न जरूर विचारा, "त्याने काय भले होईल?" उत्तर देता आले तर वंदना त्याला खरीच पाठ झाली, असे समजा.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात किंवा वस्तीत घाणीचे काम कोण करतो? तोच का करतो?
२. नॅशव्हिलच्या मुलांना तळघरातील वर्गाची गरज का पडली?
३. आपल्या विहारात वंदनेनंतर अर्धा तास कोणत्या प्रश्नाला द्यावा?

भवतु सब्ब मंगलं.