कार्यालयांचा राखीव संपर्कमार्ग

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजेच आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. अशा प्रसंगी तालुक्याची खबर जिल्ह्याच्या ठिकाणी तत्काळ पोहोचणे हा मदतकार्याचा पहिला आधार असतो. आता दैनंदिन कामकाजही संगणक जाळ्यावर चालत असल्याने कार्यालयांना दुहेरी मार्ग असणे अगत्याचे ठरते.

धाराशिव व उमरगा येथील दोन कार्यालयांचे उदाहरण घेता येईल. त्यांच्यातील मुख्य मार्ग प्रकाशतंतू केबलचा व राखीव मार्ग बिनतारी आहे, असे समजू. राउटर या यंत्रात दोन्ही मार्गांची नोंद करताना प्रत्येकास अग्रक्रमाचा अंक देतात. मुख्य मार्गास १, तर राखीव मार्गास १०. लहान अंकाचा मार्ग प्रथम वापरला जातो. तो बंद पडून त्याची नोंद निघून गेली, की संदेश राखीव मार्गाने जाऊ लागतात.

मात्र तीन बाबतींत दक्षता हवी. केबल दूरवर तुटली तरी कार्यालयातील जोडणी चालूच दिसू शकते; म्हणून राउटरने पलीकडच्या टोकाची ठरावीक अंतराने विचारपूस करावी, अशी योजना असावी. ही रचना दोन्ही कार्यालयांत करावी. अन्यथा संदेश जाईल, पण उत्तर परतणार नाही. राखीव मार्गही केबलचा असल्यास तो त्याच चरातून नेऊ नये. एकाच खोदकामात दोन्ही तुटतील.

ठरावीक मुदतीने मुख्य मार्ग हेतुतः बंद करून राखीव मार्गाची परीक्षा घ्यावी व तिची नोंद ठेवावी. प्रत्यक्ष संकटसमयी दुरुस्तीस अवधी मिळत नाही.